तबला सोडून सगळं घेतलं

बुध., ९ जुलै

आज पुन्हा तबल्यावरून गोंधळ. सुमन हातोडी मारून मारून घामाघूम, आणि तबला आपला ढप्प. ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. शेवटी तिनं हातोडी खाली ठेवली. "मेलाय हा. चामड्याची पुडी गेली ह्याची. नवाच घेऊ की."

सगळ्या बायकांचं एकमत. एकतीसला, श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी, अक्कलकोटला मंडळाची भजनसेवा लागलीय. तिथं असला तबला घेऊन गेलो तर लोक हसतील. "घेऊनच टाकू," असं सगळ्यात मोठ्यांदा कोण म्हणालं? मी.

मंगल पेटीवर खोळ घालत होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शुक्र., ११ जुलै

दोन दिवस कशात लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा, चहात साखर एकदाही नाही. हे म्हणाले, "अक्कलकोटची तयारी आतापासूनच अंगात आली वाटतं."

तबल्याला काहीही झालेलं नाही. झालंय ते माझ्या गळ्याला.

मंडळ सुरू केलं तेव्हा मंगल चौथी काळी पट्टी दाबायची आणि माझा सा तिथं आपोआप जाऊन बसायचा. शाळेत ऑफिसमध्ये दिवसभर फीच्या पावत्या फाडून आले तरी आवाज कसा खणखणीत! मग थायरॉईड निघालं, मग तो दोन महिन्यांचा खोकला. आवाज एकेक पायरी उतरत गेला. आधी तिसरी काळी. संक्रांतीपासून तर पांढरी तीन, आणि तिथंसुद्धा मी ओढूनताणूनच उभी असते.

मी मंगलला कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. तीच गुपचूप पेटी खाली खाली धरत गेली. सुमन बिचारी पन्नाशीनंतर मोबाईलवर बघून तबला शिकलेली. पेटीवर जो सा वाजेल तिथवर तबला उतरवते. पण तबल्याची पट्टी ठरलेली असते. एखादा स्वर इकडं-तिकडं चालतो, त्याच्या पलीकडं उतरवला की तो ढिला पडतो, बोलतच नाही. आणि रेवती, आमच्यातली सगळ्यात लहान, गेल्या वर्षी लग्न होऊन कॉलनीत आलेली, ती खालच्या ओळींना नुसते ओठ हलवते. परवा म्हणाली, "काकू, मला आजकाल घशाचं कायतरी झालंय."

तिला झालंय म्हणे!

मंगळ., १५ जुलै

ठरलं. शनिवारी खरेदी. तबला, माईक, टाळ, आणि सगळ्यांना एकसारख्या साड्या. कोण कोण जायचं? मी, मंगल, सुमन, रेवती. सुमन जुना तबला बरोबर घेणार, मोडीत देऊन काही सूट मिळाली तर बघायचं.

मोडीत! त्याच तबल्यावर कितीतरी शिवरात्री जागवल्या.

आज कपाटाचे तिन्ही कप्पे आवरले. काही कारण नव्हतं.

गुरु., १७ जुलै

संध्याकाळी मंगलकडं जाऊन तिला सांगायचं ठरवलं होतं. गेलेसुद्धा. ती शेंगा भाजत होती. तासभर चटणीत लसूण किती यावर बोलून परत आले.

शनि., १९ जुलै

पाय तुटलेत, तरी लिहिते. नाहीतर डोक्यात भुंगा राहील.

दहाला रिक्षा. चौघी जणी, मांडीवर जुना तबला. जुळे सोलापूरपासून बाजारापर्यंत रेवतीचं तोंड बंद नाही. कॉर्डलेस माईकच घ्यायचा, वायरचा नको, वायरीत पाय अडकतो. सुमनला तांबड्या दोऱ्याचे टाळच हवेत.

पहिलं दुकान तबल्याचंच. दुकानदार म्हातारे, पांढरी टोपी, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. आम्हाला बसायला स्टुलं दिली, आमचा तबला मांडीवर घेतला, पुडीवरून बोट फिरवलं. "ह्याला काय झालंय?"

सुमन म्हणाली, "मेलाय. बोलतच न्हाई."

चाचांनी हातोडी घेतली. बाजूच्या लाकडी गठ्ठ्यांवर टक टक, गोल फिरवत. मध्ये मध्ये एक टिचकी. आवाज चढत गेला, आणि एकदम — टण्ण! काय सांगू. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या बाईनं वळून बघितलं.

सुमन तर उभीच राहिली. "अगं बाई! मग आमच्यात का असा मुका बसतो हा?"

"लई खाली उतरवला आसंल. हा काळी चारचा तबला हाय. तुमी कुठल्या पट्टीत गाता?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मंगल सोडून. ती रस्त्याकडं बघत होती.

तो क्षण होता. सांगायला हवं होतं. आणि मी सरळ सांगितलं, "काळी चार."

"मग लावा सा." चाचांनी पेटीची पट्टी दाबली.

लावला! डोळे मिटले, पोट आत घेतलं आणि लावला. लागला. थरथरला नाही, तुटला नाही. रेवतीनं टाळ्या वाजवल्या. "काकू, काय आवाज ए तुमचा!"

एक सा लावायला काय लागतं. घरात पाहुणे आले की पाच मिनिटं कुणीही शहाण्यासारखं बसतं. अख्खा अभंग त्या पट्टीत म्हणायचा म्हणजे संसार करण्यासारखं आहे.

चाचा म्हणाले, "मग तुमाला तबला कशाला पायजे? हाय की चांगला. हां, एखादा खालच्या पट्टीचा घ्या, म्हंजे दोन होतील." सुमन म्हणाली, "खालच्या पट्टीत कोण गातंय आमच्यात?"

कोणी नाही. मी पर्स उचलून उठले.

तर तबला घेतला नाही. ते पैसे वाचले म्हणून सगळ्यांना चेव आला. कॉर्डलेस माईक, चाकाचा स्पीकर, तांबड्या दोऱ्याचे टाळ, चिपळ्या, पेटीला मखमली खोळ. मग साड्या. इरकल घ्यायची यावर वाद नाही, रंगावरून महाभारत. रेवतीला पिस्ता. सुमन म्हणाली, "पिस्त्यात आमी सगळ्या दवाखान्यातनं आल्यासारख्या दिसू." शेवटी डाळिंबी. दुकानातल्या माणसानं नऊ साड्यांचा ढीग समोर ठेवला आणि घाम पुसला. मग बांगड्या. मग भेळ, मग भेळेवर आईस्क्रीम. घशाला थंड चालत नाही म्हणून मी नको म्हटलं. मग रागानं दोन खाल्ली.

मंगल तबल्याच्या दुकानातून सगळ्यात शेवटी बाहेर आली होती. चाचांशी काहीतरी बोलत होती. येताना रिक्षात तिनं एवढंच म्हटलं, "विजाक्का, खोळीचा रंग छान हाय."

तिचा राग मला कळतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळ., २२ जुलै

तालीम. मंगलनं पेटी उघडली, चौथ्या काळीवर बोट ठेवलं आणि थेट माझ्याकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा.

धृपद निभावलं. पहिल्या कडव्याला वरचा सा आला आणि आवाज फाटला. मी खोकले. चांगली खोटी खोकले. "रेवती, तू घे गं, थंड खाल्लं परवा."

रेवतीनं घेतलं.

कसं म्हणाली म्हणून सांगू! जराही जोर नाही, ताण नाही. इतके दिवस पोरगी नुसते ओठ हलवत होती, ते माझ्यामुळं. तबला खणखणायला लागला. सुमन मान डोलवत म्हणाली, "हां! आता बोलाय लागला बघा."

मला राग आला. तिचा आला, तबल्याचा आला, चाचांचा आला. आनंदही झाला, तो नंतर, भांडी घासताना, आणि थोडाच.

बुध., २३ जुलै

मंगल गव्हाची हुग्गी घेऊन आली. डबा ओट्यावर ठेवला, बसली नाही.

"अय्यो, मी किती दिवस चोरून पेटी खाली सरकवायची? मला काय वाटतंय विचारलीस का? त्या सुमनला वाटतंय तिच्या हातात खोट हाय. रेवतीला वाटतंय तिच्या घशात. सगळ्यांत खोट, तुझ्यात तेवढी न्हाई."

मी म्हटलं, "मग मी काय करू? टाळ कुटत मागं बसू?"

"कोण बस म्हणतंय? पांढरी तीनचा तबला ठेवायला सांगितलाय मी चाचांना. सोमवारपर्यंत." मग म्हणाली, "तुझा खालचा आवाज वाईट न्हाई गं. तू तिथंबी चोरासारखी गातीस, म्हणून वाईट लागतो."

गेली. हुग्गी खाल्ली नाही. संध्याकाळी खाल्ली. गूळ बेताचा होता.

गुरु., २४ जुलै

आज अवस. दुकानात जाऊन काही घ्यायचा प्रश्न नाही, म्हणून जिवाला जरा स्वस्थता. दिव्यांची अवस, सगळे दिवे काढून घासायला बसले. चिंच, रांगोळी, हात काळे. समया, निरांजनं, आईची पितळी पणती. मागच्या दाराशी ऊन आलं होतं. घासता घासता गुणगुणायला लागले, मग गुणगुणण्याचं गाणं कधी झालं कळलं नाही. कुठली पट्टी, कोण जाणे. खालीच असणार. पूर्ण अभंग म्हटला, शेवटच्या कडव्यापर्यंत.

हे पेपर घेऊन दारात आले. इकडंतिकडं बघितलं. "कोण आलंय गं?"

"कुठं कोण?"

"आता कोणीतरी म्हणत होतं. तुझा आवाज नव्हता तो."

तालमीच्या दिवशी हे कट्ट्यावर जाऊन बसतात. तिथून परत येईपर्यंत पेटी मिटलेली असते. पण पस्तीस वर्षांचा संसार! बायकोचा आवाज ओळखू आला नाही. डोळ्यांत पाणीच आलं. हातातली समई जोरात आपटली.

म्हटलं, "आली होती एक. गेली."

"बरी म्हणत होती," म्हणाले, आणि पेपर घेऊन आत गेले.

शुक्र., २५ जुलै

तिन्हीसांजेपर्यंत तीन वेळा चप्पल घातली आणि काढली.

"बरी म्हणत होती." माझ्याबद्दल असं कधी म्हणाले होते? काळी चारमध्ये असताना "आवाज फार वर जातो, शेजारी ऐकतात" असं म्हणायचे.

शनि., २६ जुलै

गेले. एकटीच, कुणाला न सांगता. चाचांनी ओळखलं. आतून तबला आणून मांडीवर घेतला. मी म्हटलं, "पेटी राहू द्या." मी सा लावला, त्यांनी हातोडीनं तबला माझ्या सुरावर आणला.

दोन कडवी म्हटली. त्या दुकानात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना. तबला टणटणीत नव्हता, घुमत होता. मातीच्या घागरीसारखा. मला वर बघावं लागलं नाही, गळ्याच्या शिरा ताणाव्या लागल्या नाहीत. संपलं तेव्हा चाचा एवढंच म्हणाले, "बांधून देऊ?"

दिला बांधून. माझ्या पैशांनी घेतला, मंडळाच्या नाही. येताना शेंगा चटणी घेतली मंगलसाठी, लसूण जास्त असलेली, मुद्दाम, आणि तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले.

तबला तांदळाच्या डब्यामागं ठेवलाय. आपल्याच घरात चोरी.

रवि., २७ जुलै

मंगलला फोन. "उद्या पेटी कुठून धरणार?"

"तू सांगशील तिथनं."

"आणि मी सांगितलंच नाही तर?"

"तर काळी चार. मी आता खाली सरकवणार न्हाई, विजाक्का." आणि फोन ठेवला. चटणीबद्दल एक शब्द नाही.

रेवतीला पुढं बसवायचं, हे माझं पक्कं झालंय. ते मी सांगू शकते, त्यात मोठेपणा दिसतो. "पोरीला संधी देऊ या." दुसरं वाक्य अवघड आहे. माझा आवाज उतरलाय, मला खालून म्हणू द्याल का? सकाळपासून नळाखाली, जिन्यात, कणीक मळताना म्हणून बघतेय. प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबते.

सोम., २८ जुलै

चारला तालीम. गुरुवारच्या आधीची शेवटची.

तीनलाच सतरंजी घातली. स्पीकर लावला, माईक चार्ज केला. साड्यांच्या घड्या नावांप्रमाणं लावल्या, मग परत मोडून लावल्या. पेटी मंगल आणेल. जुना तबला आठवडाभर माझ्याकडंच आहे, तो डाव्या बाजूला ठेवला. मग आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. शेवटी तांदळाच्या डब्यामागून नवा काढला आणि उजव्या बाजूला ठेवला. वर टॉवेल टाकला. मग तो काढला. टॉवेल टाकलेला तबला जास्तच दिसतो.

हे कट्ट्यावर निघाले होते. चप्पल घालता घालता थांबले.

"दोन दोन तबले? कुणाकुणाला?"

"एक रेवतीसाठी."

"आणि दुसरा?"

"त्या परवाच्या बाईसाठी. दिवे घासताना आली होती ती."

मग चप्पल काढली, पेपर घेतला आणि खुर्चीत बसले. आज कट्टा नाही म्हणे.

"येणार आहे का ती?"

"बघू," म्हटलं.

फाटक वाजलं. सुमन असणार, ती नेहमी सगळ्यांच्या आधी येते.