न आलेले अडतीस

३ जानेवारी

एकशे बारा शोधनिबंध वाचून संपले. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर एवढं लिहिलंय, आणि विश्वास ठेवावा असे नऊ! कुणी बाराच पेशंट पाहिले, कुणी तीनच महिने. तोंड किती उघडतं हे कुणी पट्टीनं मोजतं, कुणी बोटांनी. शस्त्रक्रियेची बाजू घेणारे सगळे शेवटी एकाच निबंधाचा आधार देतात — आमच्या सरांच्या. शंभरातले एकाहत्तर बरे. तेव्हा मी सरांची विद्यार्थिनी. नोंदी माझ्याच.

६ जानेवारी

ताईकडे गेले. चार वर्षं दुखतंय तिला. जांभई आली तरी हनुवटी हातानं धरते. जेवण सगळं मिक्सरमधून काढलेलं. वीस तारखेला शस्त्रक्रिया, सरांकडेच. "एकाहत्तर बरे केले ना त्यांनी, शहाणे? मग मी बहात्तरावी."

९ जानेवारी

कपाटातून त्या शंभर जणांचे जुने फॉर्म काढले. वर्षानंतरच्या तपासणीला अडतीस जण आलेच नव्हते. त्या अडतिसांपुढे माझ्या अक्षरात — "सुधारणा". म्हणजे खरे बरे तेहतीसच. सर तेव्हा म्हणाले होते, "दुखत असतं तर आले नसते का?" आणि मला ते पटलं होतं.

१४ जानेवारी

जुन्या नंबरांवर फोन केले. अकरा जण सापडले. दोघं ठीक. एक शिंपी म्हणाला, "गुण नाही आला म्हणून यायचं सोडलं. आता विचारताय होय?" एक शिक्षिका — "आले असते तर परत चिरलं असतंत तुम्ही." बोलताना तिचा जबडा कटकट वाजत होता. फोनवरही ऐकू येत होतं.

१५ जानेवारी

सरांना सांगितलं. "कशाला उकरून काढतेस? तेव्हा सगळेच असं करायचे."

१९ जानेवारी

ताईला सांगायचं ठरवूनच गेले. ती बॅग भरत होती. "बरी झाले की आधी काहीतरी कुरकुरीत खाणार आहे बघ." बॅगेची चेन लावून दिली आणि परत आले. भित्री आहे मी.

२ ऑगस्ट

ताई सहा महिन्यांच्या तपासणीला गेलीच नाही. आता तोंडात एक बोटही धड जात नाही. "कशाला जाऊ?" एवढंच म्हणते.

९ ऑगस्ट

सरांच्या नव्या विद्यार्थिनीनं यंदाच्या नोंदी नजरेखालून घालायला पाठवल्या. ताईच्या नावापुढे लिहिलंय — "सुधारणा".