साहेबांचं दुखणं

ता. २ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू तिकडच्या मत्स्यालयात माशांची डॉक्टर, म्हणून घरच्या पेशंटबद्दल लिहितो. तुझी आई गेल्यापासून तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत साहेब एकटेच. नाव तिनंच ठेवलेलं. मासा कसला, खाष्ट अधिकारीच तो! त्यांचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून गेल्या आठवड्यात दुकानातून सोबतीला एक मासा आणून टाकीत सोडला. आता दोघांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत. साहेब दगडावर अंग घासतात. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग लावून पाहिलं, पण काही उमगलं नाही. साहेबांचं काही बरंवाईट झालं तर आईची एवढी एकच गोष्ट घरात जिवंत होती, तीही जाईल.

उत्तर लवकर धाड, माया पातळ करू नकोस.

तुझे बाबा

ता. ६ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. अहो, नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा असतो! त्याच्याबरोबर एक सूक्ष्म परजीवी घरात आलाय. दोन्ही मासे टबात हलवा आणि सोबत पाठवलेलं औषध द्या. ठिपके गेले तरी हुरळून जाऊ नका. तो जीव अंगावरून गळतो, तळाशी जाऊन फुटतो आणि शेकड्यांनी परत येतो. मोठी टाकी दोन महिने माशांविना ठेवा, म्हणजे तो उपाशी मरेल. मी यायला हवं, पण सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. तुमची तब्येत कशी आहे ते लिहीतच नाही तुम्ही!

जिवाला जपा, आणि लेकीवर राग नसावा.

ठकी

ता. १५ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. ठिपके गेले! साहेब टबात तोंड फुगवून बसले होते. इकडे रिकाम्या टाकीसमोर माझ्या घशाखाली घास उतरेना. काल दोघांना परत टाकीत सोडलं. रागावू नकोस. मी ठणठणीत आहे.

बाबा

ता. २४ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. पाहुणा परवा गेला, साहेब आज सकाळी. तू बजावलं होतंस, तसंच झालं. टाकीत आता कोणी नाही, पण पंप बंद करायला हात धजत नाही. तेवढाच घरात आवाज आहे.

साहेबांना सोबत हवी होती, असं मी लिहिलं. ते खरं नव्हतं. मलाच करमत नव्हतं, बाळा. ठणठणीत आहे असं लिहिलं, तेही तसंच.

सुट्टीचं काय ते तू जमव. दोन दिवस तरी ये.

बाबा