पाखरपोलीस, लेव्हल सात

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठमोठ्या कंपन्यांच्या फाउंडरांना सुरुवातीच्या दिवसांचं काही आठवत नाही, मग मुलाखतीत खोटं सांगावं लागतं. माझ्यावर ती वेळ यायला नको.

संभाजीनगरच्या इन्क्युबेशन सेंटरचा मेल आला. जानेवारीत त्यांच्या मॅडम शेतावर येऊन माझं मशीन किती तयार झालंय ते तपासणार. एकूण नऊ लेव्हल. एक म्हणजे नुसती कल्पना, नऊ म्हणजे बाजारात चालणारा माल. सहा किंवा वर असेल त्याला सेंटरमध्ये जागा आणि लॅब. खाली असेल त्याला शुभेच्छा. मी कॉम्प्युटर क्लासची नोकरी सोडून बसलोय, त्यामुळं शुभेच्छा परवडणार नाहीत.

'सध्या कोणत्या लेव्हलला आहात' असं विचारलं होतं. चार कळवलं. मशीन बनवायला घ्यायचंय अजून, पण डोक्यात तयार आहे.

१२ नोव्हेंबर

मशीनचं नाव ठरलं. पाखरपोलीस. ज्वारीत पाखरू शिरलं की सेन्सर ओळखणार, स्पीकर ओरडणार. दरवर्षी हे काम माझे वडील, अण्णा, करतात. रानात माळा बांधून त्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. त्यांचं वय बघता हे बघवत नाही.

अण्णांना सांगितलं, यंदा माळा बांधायचा नाही. अण्णा म्हणाले, लेका, वरसाची भाकर हाय ती, आन् जनावराची वैरण बी. म्हटलं, जबाबदारी माझी. म्हणाले, देवापुढं म्हण. म्हटलं.

बजरंगला सीटीओ नेमलं. त्याचं चौसाळ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सीटीओ म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही. चहा कोण पाजणार एवढंच विचारलं.

२३ नोव्हेंबर

लॅब टेस्ट. लॅब म्हणजे बजरंगचं दुकान. ऐनवेळी पाखरू मिळेना म्हणून बबिताची कोंबडी नेली. कोंबडीसुद्धा पक्षीच आहे. स्पीकर फुल आवाजात लावला. कोंबडीनं मान वळवून बघितलं आणि खाली बसली. बजरंग म्हणाला, ही काय भ्याली न्हाई बे. त्याला म्हटलं, बसली म्हणजे दबली.

लेव्हल पाच.

येताना कोंबडी पिशवीतून सुटली. चौसाळ्यात बरंच शोधलं. बबिता माझ्याशी बोलत नाही. संशोधनात बायकोची साथ लागते असं लोक म्हणतात, पण ती कोंबडीशिवाय मिळत नाही.

३ डिसेंबर

पाखरपोलीस रानाच्या मधोमध बसवला. नारळ फोडला. नारळाचं पाणी मशीनवर उडालं, पुसून घेतलं. चालू आहे.

५ डिसेंबर

दिवसभरात एकही पाखरू नाही.

६ डिसेंबर

एकही नाही.

९ डिसेंबर

एकही नाही! बजरंगला फोन करून सांगितलं, जिंकलो. अण्णा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, आरं कणीसच भाईर आलं न्हाई, पाखरू कावून येईल? पानं खायाला? जुन्या पिढीचा डेटावर विश्वास नाही. त्यांच्याशी वाद घातला नाही.

लेव्हल सहा. म्हणजे खरं तर आजच जागा मिळायला हवी. मॅडमना लवकर येता येईल का असा मेल टाकला. उत्तर नाही. बिझी असणार.

१४ डिसेंबर

मशीन ओरडलं! चहा टाकून पळत गेलो. बबिता डबा घेऊन आली होती. तिच्या हातून डबा पडला, कालवण मातीत. पण सेन्सरनं ओळखलं हे महत्त्वाचं. डिटेक्शन यशस्वी.

१६ डिसेंबर

शेजारच्या रानातली शेळी. डिटेक्शन यशस्वी.

१९ डिसेंबर

परत बबिता. तिनं सांगितलं, इथून पुढं डबा बांधावर ठेवणार, भूक लागली तर या. सेन्सर माणूस ओळखतो, शेळी ओळखतो. पाखरू तर त्याहून लहान, म्हणजे काम सोपं. हे बजरंगला समजावलं. तो म्हणाला, आसं नसतं बे. तो दहावीला विज्ञानात काठावर होता.

३१ डिसेंबर

नव्या वर्षात रोज उजाडायच्या आत रानात जायचं. चहा कमी करायचा. बबिताला कोंबडी आणून द्यायची. बजरंगवर रागवायचं नाही.

१ जानेवारी

थंडी लई होती. उद्यापासून.

६ जानेवारी

आपल्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. माणूस पोलीसभरतीत लागला तरी फ्लेक्स, गाडी घेतली तरी फ्लेक्स. मग लेव्हल सातचा का नको? (सात म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या जागी बसवलेलं मशीन. माझं महिनाभर रानातच आहे. स्वतःच स्वतःला बढती दिली असं कुणी म्हणू नये म्हणून दोनदा वाचून बघितलं.)

याच आठवड्यात आमच्या पुढाऱ्यांचा, विजयसिंह दादांचा, वाढदिवस. एकात दोन उरकले. मधे दादा, गॉगल घातलेले. खाली 'पाखरपोलीस या यंत्राने लेव्हल ७ गाठल्याबद्दल हरिओमभाऊंचे हार्दिक अभिनंदन'. बाजूला माझा फोटो, दादांच्या खालोखाल मोठा. शुभेच्छुक समस्त मित्रमंडळ. मित्रमंडळ म्हणजे बजरंग. मशीनच्या फोटोला जागा उरली नाही.

रस्त्याच्या कडेला कुणी लावू देईना, म्हणून आमच्याच रानाच्या कोपऱ्यात दोन बांबूंना बांधला. वाऱ्यावर असा वाजतो की अण्णांची दुपारची झोप गेली. मॅडमना लांबूनच दिसेल.

१३ जानेवारी

कणसात दूध भरलं. सकाळी भोरड्यांची काही पाखरं आली. फार नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. बबितानं तिळगूळ दिला, गोड बोलली नाही. भोरड्या थोड्या वाढल्या. मशीन ओरडलं नाही. बॅटरी बघितली, ठीक आहे. बहुधा या पाखरांपासून धोका नाही हे त्यानं ओळखलं असावं.

१७ जानेवारी

थवेच्या थवे. काही पाखरं थेट मशीनवर बसतात. यूजर एंगेजमेंट चांगली आहे.

अण्णा म्हणाले, आता तरी माळा बांधू दे. त्यांना सांगितलं, मॅडम पाच दिवसांवर आल्यात, मधेच माणूस घुसला तर टेस्ट बिघडेल. अण्णांनी गोफण कोनाड्यातून काढली होती, परत ठेवली.

१९ जानेवारी

बजरंग म्हणतो सेन्सरच चुकलाय, दुसरा मागवू. त्याला म्हटलं, तपासणी होऊ दे मग बघू. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक बदलत नसतात.

२२ जानेवारी, गुरुवार

सायली मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. मूळच्या आष्टीकडच्या निघाल्या, ऐकून बरं वाटलं, आपलं माणूस. बबितानं हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मॅडमनी चवीनं खाल्ला. मी मनात आठ धरलं.

मग प्रेझेंटेशन. डिसेंबरभर एकही पाखरू न आल्याचा चार्ट दाखवला. रेघ एकदम सपाट. मॅडमनी चार्ट बघितला, ज्वारी बघितली आणि विचारलं, कणसं कधी बाहेर आली? मला नीट आठवेना. अण्णांकडं बघितलं. अण्णा तळहातावर हुरडा चोळत होते. बजरंगनं सांगून टाकलं, डिसेंबर सरल्यावर. मॅडम म्हणाल्या, म्हणजे पाखरांना यायचं काही कारणच नव्हतं.

त्याच वेळी थवा उतरला. मशीन गप्प. मॅडम जवळून बघायला पुढं गेल्या तसं मशीन त्यांच्यावर ओरडलं. मॅडम दचकून मागं सरल्या, चप्पल ढेकळात अडकली. भोरड्या खातच होत्या. त्यातली एक स्पीकरवर बसली होती, ती तिथंच राहिली.

मॅडमनी मग पूर्ण रानाला चक्कर मारली. मधली कणसं निम्म्याच्या वर रिकामी. अण्णांनी त्यातलं एक मोडून हातात धरलं. मला लाज वाटली. हे लिहायचं नव्हतं, पण वाटली.

रानाच्या एका कोपऱ्यातली ज्वारी मात्र भरगच्च. मॅडमनी विचारलं, इथं काय केलंय? मी म्हणालो, काहीच नाही, इथं नुसता फ्लेक्स आहे. फ्लेक्स वाऱ्यावर फटाफट वाजत होता. मॅडमनी त्याचा फोटो काढला. मशीनचा काढला नाही.

लेव्हल विचारली. म्हणाल्या, मशीन दोनवर आहे. जाताना गाडीत बसून परत काच खाली केली. मला वाटलं बदलतील. हुरडा चांगला होता म्हणाल्या.

२३ जानेवारी

मेल आला. शुभेच्छा.

क्लासच्या सरांना फोन केला. म्हणाले, सोमवारपासून ये, मराठी टायपिंगची बॅच रिकामीच आहे. सोमवारी सव्वीस जानेवारी आहे हे त्यांच्या लक्षात नाही. मीही विषय काढला नाही.

२४ जानेवारी

अण्णांनी फ्लेक्स उतरवला. मला विचारलं नाही. विळ्यानं उभे तुकडे केले, काठ्यांना बांधले आणि आख्ख्या रानात रोवले. दादांचा गॉगल विहिरीकडं, 'हार्दिक' मधोमध, 'लेव्हल' कुठंतरी चिंचेकडं. मी काठ्या धरून उभा राहिलो. एवढंच काम दिलं होतं.

२९ जानेवारी

थवे कमी झाले. उरलेली ज्वारी वाचेल असं वाटतंय. निम्मी तरी.

क्लासवरून आलो तसा रानात गेलो. अण्णा बांधावर होते. म्हणाले, बाकीच्या तुकड्यांवर चार-दोन तरी येऊन बसत्यात, पर तुजं थोबाड लावलंय ना, तिथं एक बी पाखरू फिरकत न्हाई.

याआधी माझ्या एखाद्या कामाला अण्णांनी चांगलं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. अंधार पडेपर्यंत तिथंच त्यांच्याजवळ बसलो.