पडद्याकडे पाठ

१५ एप्रिल, मंगळवार

‘शिरपूरच्या माझ्या बौद्ध बांधवांनो, आपलं चित्र आजवर दुसऱ्यांनीच काढलं! वाकलेलं काढलं, केविलवाणं काढलं — आणि आपण ते मान्य केलं!’

कालच्या जयंतीच्या अध्यक्षीय भाषणाची ही सुरुवात. डावा हात कमरेवर, उजवा वर — माझी नेहमीची ठेवण. टाळ्या थांबेनात. वाक्य आजही खरंच वाटतं. म्हणून तर पुढचं लिहायला हात उठत नाही.

भाषणाआधी संघपालच्या मुलीचा, धम्मदीपाचा, छोटा अ‍ॅनिमेशनपट दाखवला होता. नाव ‘निळं’. पोरीनं एकटीनं केलेला. संवाद नाही, गाणं नाही. आणि मी काय बोललो? ‘निळा डाग आणि कापडाची फडफड! ह्यात आपला माणूस कुठाय? फडफडीनं परिवर्तन होत नसतं, पोरी!’ हशा. मागून शिट्टीसुद्धा.

खरं काय ते इथं तरी लिहावं. मी तो पाहिलाच नाही!

मंचावर होतो. पडदा मंचाच्या मागे, दोन बांबूंना ताणलेला. आम्ही पाहुणे रांगेनं, तोंडं लोकांकडे, पाठ पडद्याकडे. नेहमीसारखंच. अध्यक्षानं मान वळवू नये असं कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी वळलंही नाही. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत येत होता. डोळे मिटून मी मुद्दे जुळवत बसलो. एकदा उघडले तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर निळं काहीतरी हलताना दिसलं, मागून कापड फडफडल्याचा आवाज आला. तेवढ्यावरून बोललो. सदऱ्यावरून!

१६ एप्रिल

सकाळी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, पोरीचा सिनेमा कसा वाटला?

‘कोन्ता सिनेमा? आमाले त तुमची डोस्कीच दिसली,’ बेबी म्हणाली. ‘वर निळं, खाली चार डोस्की. अर्धा पिच्चर तुमच्या आंगावर पडून राह्यला व्हता.’ भाकर उलटली. ‘पन तुमी बोलले मस्त. तुमाले कसा दिसला?’

‘दिसला,’ म्हणालो.

१८ एप्रिल

संघपाल बसस्टँडवर भेटला. एसटीत वाहक आहे, ड्यूटीवर निघालेला. भर गर्दीत माझे दोन्ही हात धरले.

‘माणिकभाऊ, लय उपकार झाले! पोरगी पुन्याच्या संस्थेत निवडली, तिकडं अ‍ॅनिमेशन शिकाले जातो म्हने. मी दोन मनानं व्हतो. तुमी सभेत बोलले अन् माहे डोळेच उघडले. फडफडीनं काय होते? कालच तिले वाशीमले तलाठी परीक्षेच्या क्लासले टाकलं.’

गाडीची घंटी वाजवत तो निघून गेला. माझंच वाक्य घेऊन.

पोरीला पंधरा मेच्या आत पुण्याला हजर व्हायचं होतं म्हणे.

२० एप्रिल, रविवार

आज धम्मदीपा घरी आली. एकटी. खुर्ची दिली तरी उभीच.

‘काका, मले राग नाई आला. पन नेमकं काय फसलं, तेवढं सांगा. मी दुरुस्त करतो.’

सांगायचं होतं! दार बंद होतं, बेबी आत होती, ऐकायला कुणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ कोणती?

आणि मी — ज्यानं चित्रकलेवरची जाडजूड पुस्तकं वाचून काढली, जो आकार, अवकाश, लय हे शब्द फेकत तासभर बोलू शकतो — मी गंभीर चेहरा करून म्हणालो, ‘मधला भाग सैल पडलाय. तिथं दृश्य बदलल्यावर पकड सुटते.’

तिनं माझ्याकडे बघितलं.

‘बरं,’ म्हणाली. गेली.

२१ एप्रिल

तो ‘बरं’ कानातून जात नाही.

२४ एप्रिल

केनवडला व्याख्यान होतं. विषय — सत्य सांगण्याचं धैर्य. तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही. बेबी म्हणाली, ‘तुमाले भाषनाच्या दिवशी कधी ताप आला नाई आजलोक.’

२७ एप्रिल, रविवार

गेलो शेवटी. संघपाल ड्यूटीवर. धम्मदीपा ओसरीत तलाठीचं पुस्तक घेऊन बसलेली.

उभ्याउभ्याच म्हणालो, ‘मी तुझा सिनेमा पाहिला नाही. त्या दिवशीही नाही. गेल्या रविवारी तुझ्यासमोर खोटं बोललो.’

‘माहीत हाये,’ ती म्हणाली. ‘दृश्य बदलत नाई त्याच्यात. सुरू ते शेवट एकच हाये.’

जमीन दुभंगत नाही म्हणून माणूस उभा असतो!

तिनं काम दाखवलं. जुन्या कपाटाच्या दाराची काच, खाली दिवा, वर तिपाईला बांधलेला मोबाइल. काचेवर तैलरंगानं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, चिंधीनं जरासं पुसायचं, तिथंच पुढचं काढायचं. असे हजारो फोटो एकामागे एक लावले की चित्र हलतं. मी विचारलं, मूळ चित्रं कुठं ठेवलीस? हसली. ‘नाई ठेवता येत. पुसल्याबिगर पुढचं येत नाई.’

मी माझं प्रत्येक भाषण छापून, बाइंडिंग करून कपाटात लावलेला माणूस.

भिंतीवर तिचं एक मोठं पेंटिंग होतं. मळकट पिवळा रंग, सगळीकडे. एका कोपऱ्यात हिरवा तुकडा. सवयीनं तोंड उघडलं, ‘ह्याचा अर्थ—’

‘काका, थोडं गप पाहा ना.’

गप्प पाहिलं. पहिल्यांदा काहीच होईना, नुसतं अवघडल्यासारखं. मग पिवळ्यात ब्रशचे फटकारे दिसायला लागले, सगळे एकाच बाजूला सरकणारे. आणि फार उशिरा कळलं — हिरवं वरून लावलेलंच नाही. ते खालचं आहे. सबंध चित्र आधी हिरवं होतं, पिवळं त्याच्यावर चढत आलं, आणि तेवढा कोपरा उरला. अर्थ कुणी सांगितला नव्हता.

म्हणालो, आता ‘निळं’ दाखव.

‘मोबाइलवर नाई. बारीक दिसते. मोठ्या पडद्यावर पाहा, सगळ्याइच्या संगं.’

‘पुण्याचं काय?’

‘ते बाबाले इचारा.’ आणि पुस्तक उघडलं.

२९ एप्रिल

संघपालला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. न पाहता बोललो, पोरीला पाठव, माझं ऐकू नकोस.

चिडला. चिडायलाच हवं होतं.

‘भाऊ, पूर्‍या गावासमोर पोरीचं हसं केलं तुमी. अन् आता कानात सांगून राह्यले? उद्या लोक म्हनतीन, संघपालनं माणिकरावचंबी ऐकलं नाई. काहून झाकता? सभेत बोलले, सभेतच सांगा!’

बरोबर आहे. आणि माझी छाती होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना माइकवरून जाब विचारला.

५ मे

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची बैठक. मी म्हणालो, ‘निळं’ परत दाखवायचा. मंच नको, खुर्च्या नकोत.

समितीचा विकास हबकला. ‘मंग पाहुने कोठी बसतीन?’

‘चटईवर. पडद्याकडे तोंड करून.’

‘अन् हार कोठी घालाचे?’

‘हार नकोत.’

‘मंग ते पाहुने कायचे?’

सगळे हसले. मीही. ठरलं मात्र. भाषण माझंच ठेवलंय — सिनेमा झाल्यावर.

११ मे

बोलायचे मुद्दे काढायला बसलो. एकही लिहिला नाही. आधी पाहणार. उद्या घसा बसला तर सुटका होईल, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटते.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

चटईवर बसलो, गल्लीतल्या म्हाताऱ्या सोजरबाईच्या शेजारी. ‘निळं’ पाहिला.

वर सगळं निळं, कापडासारखं फडफडणारं. आणि अगदी खालच्या कडेला, जिथं त्या दिवशी आमची डोकी होती, तिथं एक एवढासा माणूस. डावा हात कमरेवर, उजवा वर. ते निळं त्याच्या तोंडातून निघतं. निघतच राहतं. खाली बसलेल्या लोकांवर छपरासारखं पसरतं, ऊन अडवतं. मग त्यांना पुरतं झाकून टाकतं. शेवटी एक लहान पोरगी कडा उचलते आणि बाहेर पाहते.

‘अवं माय,’ सोजरबाई मोठ्यानं म्हणाली, ‘हा त आपला माणिक!’

त्या दिवशी हाच माझ्या सदऱ्यावर पडला होता.

विकासनं माइक दिला. दोन्ही हातांनी धरला. ‘बांधवांनो, मागच्या वेळी मी हा सिनेमा न पाहता बोललो,’ म्हणालो. कुणी हसलं नाही. मग चटईवरच्या लोकांत संघपालला शोधलं आणि म्हणालो —

‘संघपाल, उद्याच्या पुण्याच्या गाडीत पोरीला बसव.’