सावलीत घालवलेली पायवाट

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा ओळखपत्रांचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, कारण दबाव आणू शकणारी माणसे सध्या माझ्याशी बोलत नाहीत. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर, तळमजल्यावरच्या स्टुडिओसह, आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका लेकीला. मागच्या खोलीत ओल येते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही.

कलम २. कॅमेरा, दोन लेन्स आणि ट्रायपॉड शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. ट्रायपॉडचा एक पाय आखडतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, मी बावीस वर्षे देऊन पाहिल्या. बाईंनी पठारावर सूर्य उगवायच्या आत पोचावे. त्या वेळी आकाश उजळ असते आणि उतार अंधारात, दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत. आकाश सांभाळले की उतार काळा पडतो. पण मूळ फाइलमध्ये त्या काळ्यातही बरेच काही शिल्लक असते, ते वर काढता येते. बाईंनी ते काढावे. मी काढले नाही. उलट छापताना आणखी गडद केले, कारण बघणारे म्हणायचे, "काय गंभीर फोटो आहे."

कलम ३. माझा मेव्हणा, म्हणजे दिवंगत पत्नीचा भाऊ आणि गावसमितीचा चिटणीस, यास काहीही नाही. कारण लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्याच आग्रहाने मी पठाराचा एक फोटो मोठा छापून समितीच्या सभागृहाला भेट दिला. पुढे त्या फोटोतला उतार एकाने विकत घेतला, कुंपण घातले आणि सांगितले की इथून वाट कधी नव्हतीच. त्या वाटेने रोज मेंढ्या नेणारी मेंढपाळीण माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, तुम्ही पहाटेचे तिथंच असता. एखाद्या फोटोत तरी माझी वाट असेल ना?"

लेकीने सभागृहातल्या फोटोची मूळ फाइल संगणकावर उघडली आणि सावल्या हळूहळू उजळवल्या. वाट निघाली, वळणासकट. वाटेवर मेंढ्या, आणि मागे शाल गुंडाळलेली मेंढपाळीण स्वतः.

मेंढपाळिणीने पडद्यावरच्या त्या शालीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी होते. मला वाटायचं, भिंतीवरच्या फोटोतून तुम्ही मला काढून टाकलंत."

"काढलं नाही," मी म्हणालो. "काळं केलं."

"मग तेच की."

समितीच्या सभेत मी तो फोटो ठेवला. मेव्हणा कागदातून मान वर न काढता म्हणाला, "भाऊजी, हा तुम्ही उजळवलाय. म्हणजे फेरफार झाला."

"फेरफार भिंतीवरच्यात आहे. यात जे होतं तेच दिसतंय."

"भिंतीवरच्याखाली तुमची सही आहे."

सही माझीच होती. वाट बंद झाली. मेंढपाळीण आता डांबरी रस्त्याने वळसा घालते. पहिल्याच हिवाळ्यात ट्रकखाली तिच्या चार मेंढ्या गेल्या. वरच्या कचेरीत आम्ही तीन अर्ज केले. तिन्ही "छायाचित्र संदिग्ध" असा शेरा मारून परत आले. मेव्हणा लबाड नाही, हेही नोंदवतो. आळशी आहे. लबाड असता तर निदान भांडता आले असते.

कलम ४. भेट दिलेला फोटो परत मागता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून मागत नाही. त्याच्या शेजारी, त्याच मापाचा, सावल्या उजळवलेला फोटो माझ्या खर्चाने लावावा. समिती नाही म्हणाली तर लेकीने तो स्टुडिओच्या रस्त्याकडच्या काचेत लावावा.

कलम ५. मूळ फाइली साठवलेल्या डिस्कची पेटी मेंढपाळिणीला, आणि सोबत हे शपथेवर: ती वाट होती. बावीस वर्षे मी तिच्यावरूनच वर गेलो. सभागृहातला फोटो मी स्वतः, कोणी न सांगता, नुसता चांगला दिसावा म्हणून काळा केला. वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडतात. तोवर मेंढ्यांनी रस्त्यावर उभे राहावे काय? या कलमाची नक्कल आजच वरच्या कचेरीत दाखल करावी. मी जिवंत आहे तोवर मला उलटसुलट विचारता येईल. विचारावेच.

मेंढपाळीण साक्षीदार व्हायला आली होती. जिला मिळायचे तिने साक्ष देऊ नये, असे वकिलांनी सांगितल्यावर ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आहे. मेंढ्या गटाराच्या कडेला खोळंबल्या आहेत. "लवकर आटपा," असे तिने दोनदा सांगितले. म्हणून इथेच थांबतो.

सही: (फोटोग्राफर)

साक्षीदार १: डॉक्टर, यांनी डोके तपासले, ठीक आहे म्हणाले.
साक्षीदार २: समोरचा चपला शिवणारा, याने दोनदा वाचून मग सही केली.

ठिकाण: स्टुडिओ, पुढची खोली
दिनांक: ४ मार्च २०२४, सोमवार, सकाळी अकरा