वखारीच्या कोपऱ्याची राखण

कोल्हापूर, नवी पेठ
चैत्र वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री गणपतराव मेहुणे यांस कृष्णातचा रामराम. आम्ही उभयता खुशाल. तुमची कंबर आता सरळ होते का, ते कळवावे. (आमची भिंत होत नाही.)

गुळाच्या वखारीवर देखरेखीला लागल्यापासून तिथल्याच कोपऱ्याच्या खोलीत आमचा संसार आहे. फाटकातून वळणाऱ्या गाडीच्या चाकाचा मधला, बाहेर आलेला तुंबा नेमका त्या कोपऱ्याला लागतो, आणि भिंतीच्या आतल्या अंगाला तुमच्या बहिणीची चूल. धक्का बसला की माती आमटीत. शालूने संक्रांतीपर्यंत सोसले. मग बोचके बांधून दाराशी ठेवले आणि म्हणाली, "आता माती पडली की मी म्हायेरला. मग तुमी आन् तुमची वखार." तेव्हा कोपऱ्यापुढे खांब रोवणे आले. (बोचके ओलांडूनच मी आत-बाहेर करतो.)

प्रथम बाभळीचा खांब रोवला. चांगला होता. शिमग्याला पेठेतल्या पोरांनी तो उपटून होळीत घातला. होळीला गेलेले लाकूड परत मागता येत नाही. शिवाय त्या होळीभोवती मीही मनसोक्त बोंब मारली होती, आणि मधल्या ओंडक्याने काय सुरेख पेट घेतला आहे म्हणून कौतुकही केले होते.

मग दगड आणला, काळा, कमरेइतका. आठवड्यात तो नाहीसा झाला. शोधत गेलो तर तालमीत पैलवान त्याला खांद्यावर घेऊन बैठका मारत होते. मी हक्क सांगितला. वस्ताद म्हणाले, "पावणं, ह्यो पोरांनी हसत हसत आणलाय. असला हलका दगड तुमची भिंत काय राखणार?" त्यांनी तांब्याभर दूध पाजून मला वाटेला लावले.

शेवटी रेल्वेचा जुना रूळ मिळवून पुरला. वडगावच्या मौलाची गाडी त्यावर आदळली. रूळ हलला नाही, भिंत हलली नाही. चाक मात्र मोडले. मला फार आनंद झाला. पण चाक होईपर्यंत मौला जाणार कुठे? ठेवून घेतला. मग आणखी दोन चाके मोडली. आमच्या ओसरीवर तीन गाडीवान, सहा बैल, आणि भाकरी थापणारी तुमची बहीण. तिने बोचक्याकडे एकदा पाहिले. मी त्याच दुपारी रूळ उपटला.

दुसऱ्या दिवशी ती चिडून कोपऱ्यावरच तांदूळ निवडायला बसली. दिवसभर एकही चाक भिंतीच्या हातभर जवळ आले नाही. मौला म्हणाला, "वैनी, तुमी बसला की बैलंबी आदबीनं वळत्यात." ती हसली. (संक्रांतीनंतर प्रथमच.) आमटीही स्वच्छ होती. बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो वाढवावा.

आपला,
कृष्णात

ता. क. शालूला दिवसभर बसणे जमणार नाही. तिचे म्हणणे, त्या जागी दुभती म्हैस बांधावी. गाडीवान भिंतीवर गाडी घालील, दुसऱ्याच्या दुभत्या म्हशीवर घालणार नाही. मला हे पटले. तुमची नुकती व्यालेली म्हैस आणि रेडकू अमावास्येच्या आत धाडावे. नाहीतर बोचके तुमच्याकडे येईल, मागोमाग मीही.

ता. क. दुसरा. म्हैस गड्याबरोबर चालत पाठवा. तुम्ही गाडी घेऊन येऊ नका. कार्तिकात तांदूळ घेऊन आलात तेव्हा त्या कोपऱ्याचा पहिला पोपडा कोणाच्या चाकाने पाडला, हे मी शालूला अजून सांगितलेले नाही.