व्याह्यांच्या होडीत

रीडिंग, रविवार दुपार

तीर्थस्वरूप अक्का,

विनयचा, सुनीतीचा आणि (अजून तरी आमच्याच घरात राहणाऱ्या) अक्षयाचा साष्टांग नमस्कार. डोळा आता कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून भिंतीवरची पाल चष्म्याशिवाय दिसते असं तू सांगितलंस, तेव्हापासून मला तुझ्या डोळ्यापेक्षा त्या पालीची जास्त काळजी वाटते. थेंब वेळेवर घालतेस ना? माझा गुडघा ठीक आहे. सुनीती शेजारीच मटार सोलत बसली आहे आणि मी काय लिहितोय ते वाचत नसल्याचं दाखवते आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू "विनू, मुद्द्याचं बोल" म्हणून मला मध्येच तोडतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा चहा घे, मिरजेत आत्ता ऊन असणार म्हणून पंखा लाव, आणि सावकाश वाच.

तर, ओवेन तुला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर तुला "अक्का, तू कसा आहेस?" विचारणारा तो उंच मुलगा. (मराठी त्याला अक्षया शिकवते. तिच्याच मराठीत ती आणि तो यांची इतकी सरमिसळ असते, तिथे त्याला काय बोलणार?) ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न. हॉल ठरला, जेवण ठरलं, गुरुजी ठरले. ठरत नव्हते ते फक्त ओवेनचे वडील. ह्यू त्यांचं नाव. वेल्समध्ये शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. मुळात बोलणं कमी, आणि मागच्या वर्षी त्यांची बायको मेगन आजारात गेली, तेव्हापासून त्याहून कमी. लग्नाला यायचं ना, असं ओवेनने विचारलं की "वी'ल सी", म्हणजे बघू, एवढंच. रजिस्ट्रेशनला येईन म्हणतात, मांडवात बसायचं नाव काढलं की फोन ठेवतात. पोरगा वरून हसत होता, पण एका रात्री जेवताना सुनीतीपाशी रडला. आई नाही, आणि आता बापही नसणार का, म्हणाला.

सुनीतीने ताबडतोब निकाल दिला. ह्यूंना मासेमारीचं वेड आहे, ते दर आठवड्याला होडी घेऊन जातात, तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर जा. मी म्हणालो, मी आयुष्यात मासा फक्त ताटात पकडलाय. ती म्हणाली, मासा नाही आणलात तरी चालेल, व्याही आणा. वर अक्षयाची सूचना: "बाबा, फिशिंगमध्ये क्वाएट राहायला लागतं. प्लीज तुझा तोंड बंद ठेव." (माझ्या मुलीच्या लेखी माझं तोंड पुल्लिंगी आहे, आणि बंद राहू शकतं.)

शनिवारी सकाळी निघालो. M4 हायवेने सरळ पश्चिमेला, पूल ओलांडला की वेल्स. तिथे रस्त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं दिसायला लागलं. थोडं पुढे गेलो की परत अराफ. मला वाटलं, काय अवाढव्य गाव आहे, संपतच नाही. पोचल्यावर ह्यूंना मी कौतुकाने म्हणालोसुद्धा, तुमचं अराफ फार पसरलंय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इट मीन्स स्लो." म्हणजे सबंध वेल्स मला हळू चालव म्हणून ओरडून सांगत होता आणि मी सुसाट गावं मोजत होतो.

जागा मात्र काय सांगू! ब्रेकनच्या डोंगरांच्या पायथ्याशी धरण बांधून अडवलेलं पाणी. तिन्ही बाजूंना हिरवे गुळगुळीत डोंगर, त्यांवर मेंढ्या, आणि मोबाइलला रेंज नाही. मी खुशीत येऊन विचारलं, इथे सॅमन मिळतो का? "नो." मग बास मासा? "नो." सॅमन खाली नदीत आणि बास समुद्रात, इथे फक्त ट्राउट. आमच्या पहिल्या अर्ध्या तासातलं त्यांचं हे सगळ्यात लांबलचक भाषण.

ट्राउट पकडायची पद्धत अशी. गांडूळ वगैरे काही नाही. गळाला रंगीत पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात, आणि ती अशा लाडिकपणे पाण्यावर टाकायची की माशाला वाटावं, आली न्याहारी. थोडक्यात, माशीने मासा पकडायचा. हा विनोद मला होडीत सुचला, पण इंग्रजीत तो होत नाही, आणि न झालेला विनोद पोटात ठेवणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे. म्हणून मग मी त्यांना मराठीतली लिंगव्यवस्था समजावून सांगायला घेतली. तिथून गाडी गुरुजींवर गेली, मग अंतरपाटावर, मग कान पिळण्यावर. (बंद राहणाऱ्या तोंडाची एवढी कथा.) ह्यू समोर बसून पाण्याकडे बघत होते. त्यांची माशी पाण्यावर अलगद, आवाज न करता उतरायची. माझी पहिली माशी माझ्याच टोपीत रुतली. दुसरी होडीच्या बाकात. तिसऱ्यांदा मी अंतरपाट कसा दूर होतो ते रॉडनेच करून दाखवायला गेलो, मागून जोरात फेक केली, आणि गळ ह्यूंच्या स्वेटरच्या बाहीत.

मी घाबरून ओढला. तो ओढायला नको होता. बाहीची लोकर टर्रकन उसवून माझ्या दोरीला लांब हिरवा धागा लोंबायला लागला. मी सॉरी, सॉरी म्हणत सुटलो, नवीन स्वेटर आणून देतो म्हणालो. ह्यूंनी बाही हातात धरली आणि हळूच म्हणाले, "मेगन निटेड इट." तिने विणलेला.

अक्का, मी गप्प झालो. त्यांनी खिशातून छोटी पक्कड काढली, गळ सोडवला, आणि तो धागा तोडून न टाकता बोटाला गुंडाळत बसले. वाऱ्याने होडी आपोआप सरकत होती. त्यांनी रॉड खाली ठेवला. मग तेच बोलायला लागले.

म्हणाले, लग्नाला न येण्यात तुमच्या घराबद्दल काहीच नाही, ते मनात आणू नका. अक्षया आम्हा दोघांना पहिल्या भेटीतच आवडली होती. पण ओवेनने लग्नाचा व्हिडिओ दाखवला, त्यात मुलाचे आईवडील जोडीने पुढे बसतात. जिथे तिथे जोडी. "आय कान्ट सिट देअर अँड हॅव एव्हरीबडी लुक अ‍ॅट द गॅप." शेजारची रिकामी जागा सगळ्यांनी बघायची आणि मी हसत बसायचं, ते मला जमणार नाही. आणि मुलाच्या लग्नात मी रडलो तर त्याचा दिवस मी खराब करणार. त्यापेक्षा नकोच.

मला एकदम दाजी गेल्यानंतरची पहिली लग्नसराई आठवली. मी पाण्याकडे बघत बसलो, आणि तेवढ्यात माझा रॉड वाकला.

पुढचं सांगायला मला दोन तोंडं हवीत. मासा ओढतोय, मी ओढतोय, होडी डुलतेय, आणि ह्यू एकदम शाळेतल्या आवाजात ओरडतायत, सोड, दोरी सोड, आता घे, घे, उभा राहू नकोस, बस! मी बसलो ते सुनीतीच्या मेथीपराठ्यांवर. शेवटी त्यांनी जाळं खाली घातलं आणि ट्राउट वर आला. अक्का, काय देखणा! अंगावर गुलाबी पट्टा, त्यावर काळे ठिपके, इरकलीच्या काठासारखा. ह्यू जाळं दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे बघत म्हणाले, "व्हेअर्स द प्रीस्ट?"

मला वाटलं, गुरुजींची चौकशी करतायत, माणूस विरघळला! मी म्हणालो, स्टॅनमोरला. ते म्हणाले, "व्हॉट?" मी म्हणालो, स्टॅनमोरला राहतात, आठवडाभर आयटीत असतात, पण संस्कृत उच्चार एकदम स्वच्छ, आणि लग्नाच्या दिवशी स्वतःच्या गाडीने येतील. ह्यूंनी पायाने पिशवीकडे खूण केली. पिशवीत एक लहानसा लाकडी सोटा. त्याचं नाव प्रीस्ट! मासा तडफडू नये म्हणून डोक्यात एकच टोला घालून त्याला मोकळं करायचं, शेवटचे संस्कार करतो म्हणून हे नाव. मी तो सोटा हातात घेऊन बघतच राहिलो, आणि म्हणालो, आमचे गुरुजी यापेक्षा जास्त वेळ घेतात.

ह्यू हसले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, आणि मग असे खदखदून की जाळं त्यांच्या हातात नाचायला लागलं. मीही हसत सुटलो. ट्राउटने मोका साधला, उसळी मारली, आणि गेला. गळही कधीच निसटला होता. आम्ही दोघे रिकाम्या जाळ्याकडे बघून पुन्हा हसलो. डोळे पुसता पुसता ते म्हणाले, दीड वर्षात एवढं हसलो नाही. आणि मग ते थोडे रडलेही, आणि तेही बरंच झालं, कारण बघायला मी आणि मेंढ्याच होतो.

बसून चपटे झालेले पराठे आम्ही दोघांनी संपवले. लोणचं त्यांनी बोटाने पुसून खाल्लं. मग स्वतःहून विचारलं, मांडवात मला नेमकं काय करायचं असतं? मी सांगितलं, फार काही नाही, अक्षता टाकायच्या आणि भुकेलं राहायचं. धक्क्याला होडी बांधताना पाठमोरे म्हणाले, "टेल ओवेन आय'ल सिट." म्हणजे बसणार. पुढे!

परतताना मात्र रिकाम्या हाताने घरी जाववेना, म्हणून सुपरमार्केटमध्ये थांबून सॅमन आणि बास दोन्ही घेतले आणि सुनीतीसमोर ठेवून म्हणालो, बघ. तिने सॅमनवरचं स्टिकर वाचलं. मग मी ह्यूंचा निरोप सांगितला, आणि तिने मासे तिथेच ओट्यावर टाकून ओवेनला फोन लावला. तो पलीकडे काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण सुनीती बराच वेळ नुसतं "हो रे बाळा, हो" म्हणत होती. तू मासे खात नाहीस, म्हणून पुढचा भाग गाळतो.

शेजारच्या काकूंना नमस्कार सांग. डोळ्याला पाणी लावू नकोस.

तुझा,
विनू

ता. क. सुनीतीने पत्र वाचलं. ती म्हणते, "मी गप्प झालो" याचा नीट खुलासा कर. तिने ह्यूंना फोनवर विचारलं की हा माणूस होडीत किती वेळ गप्प होता. ते म्हणाले, एक सँडविच खाऊन होईल एवढा. ह्यू सँडविच फार हळू खातात.

ता. ता. क. अक्का, आता मुद्द्याचं. होडीत पराठे खाताना मी ह्यूंना तुझ्याबद्दल सांगितलं. दाजी गेल्यापासून तू एकाही लग्नात पुढे आली नाहीस, पोरींच्या हळदीलासुद्धा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहतेस, आणि आम्ही मूर्ख तुला तिथे उभं राहू देतो, हे सगळं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "अँड इज शी कमिंग टू धिस वन?" मी म्हणालो, अर्थातच. पुढे बसेल? म्हटलं, अगदी पुढे. त्यावर ते म्हणाले, मग मी तिच्या शेजारी बसेन.

तुला न विचारता बोललो, हे खरं. पण त्यांचा होकार आता त्यावरच उभा आहे, आणि मी शब्द देऊन बसलोय. व्हिसाचं सगळं अक्षया बघेल, आणायला मी स्वतः येतो. तुला नाहीच म्हणायचं असेल तर माझ्याशी वाद घालू नकोस, फोन करून ह्यूंना सांग. ते फार कमी बोलतात. ऐकून घेतील, आणि मग म्हणतील, "वी'ल सी."